पोहरादेवीच्या वाटेवरचा पाव्हणा

आणीबाणी उठली ना, त्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते तुले. पोहरादेवीच्या वाटेवर आमी अकरा बाया वावरात निंदून राह्यलो होतो. भरदुपारी आरडाओरड ऐकू आली. पुण्याहून देऊळ पाहाले आलेल्या पाव्हण्याले दोघं मारून राह्यले होते. एकाच्या हाती सुरा, दुसऱ्यानं त्याचा कॅमेरा हिसकलेला. आमची शांतामावशी धावली, मागं आमी, सगळ्यायच्या हाती इळे.

मावशी म्हणे, "कॅमेरा खाली ठेव. हळू ठेव, फुटंल."

ठेवला, अन् पळाले दोघं.

पाव्हण्याच्या कपायातून रगत वाहे. मावशीनं पदर फाडून बांधला. तो म्हणे, "आता एकट्यानं पुढे जायची हिंमत नाही हो."

"एकटा कायले? चाल, आमी येतो."

निंदण राह्यलं वावरात, अन् अकरा जणी इळ्यांसगट देवळात!