निळ्या डोक्याची टाचणी

जबाब देणार: काल हरवले म्हणून नोंद झालेल्या इसमाची धाकटी सून. वय ४१ वर्षे. धंदा: कपड्यांचे अल्टरेशन. राहणार: मोठ्या पुलाच्या अलीकडे, लॉन्ड्रीच्या वरचा दुसरा मजला.

मी आज सकाळी कोणी बोलावले नसताना स्वतःहून ठाण्यात आले आहे. साहेबांसमोर बसून, विचारले तेवढे आणि न विचारलेलेही सांगते, ते असे की,

मी वरील ठिकाणी सासऱ्यांसोबत राहते. पती जहाजावर स्वयंपाकी असून सध्या समुद्रात आहेत. सासऱ्यांचे वय ७३. लिफ्ट मेकॅनिक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. मोठे दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. काल संध्याकाळी दादांनी या ठाण्यात सासरे हरवल्याची खबर दिली. त्यात 'घर सोडण्याचे कारण' या रकान्यापुढे 'मानसिक संतुलन बिघडले आहे' असे लिहिले आहे. सासरे काल रात्री आठच्या सुमारास स्वतः गाडी चालवत घरी आले. तेव्हा ते हरवलेले नाहीत हे आपल्याला कळवले आहेच. माझे म्हणणे त्या चार शब्दांबद्दल आहे.

माझा धंदा असा की दुकानांतून कपडे आणायचे, पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, ढिले आत घ्यायचे आणि परत पोचवायचे. हे सगळे माझ्या इलेक्ट्रिक बाईकवर चालते. मागे कपड्यांचा गठ्ठा, पुढे मी. गेल्या महिन्यात गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. पुलाचा चढ आला की घूं असा आवाज करून जागेवर बसायची. मी तिला शोरूममध्ये नेली. सासरेही सोबत आले होते. काउंटरवरच्या माणसाने वॉरंटी संपली आहे असे सांगून काखा वर केल्या. मोटर मागच्या चाकातच असते, ती उघडत नाही, अख्खे चाकच बदलावे लागते, असे तो म्हणाला. त्यावर सासरे म्हणाले, "उघडत नाही म्हणजे? कुणीतरी बंद केलीच असेल ना?" तो माणूस हसला नाही. मला हसू आले.

चाक घरी आणून आम्ही जेवणाच्या टेबलावर ठेवले. आठवडाभर टेबल चाकाचे आणि आम्ही ताट मांडीवर घेऊन, असे चालले. सासऱ्यांनी अशी मोटर पूर्वी कधी उघडली नव्हती, हेही सांगते. पहिल्यांदा झाकण काढताना त्यांनी एक स्क्रू मोडला आणि मोटर बनवणाऱ्याला बरेच काही बोलले. ते शब्द जबाबात नकोत. आत पाणी गेले होते. बेअरिंग गंजले होते आणि तांदळाच्या दाण्याएवढे तीन सेन्सर असतात त्यांतला एक मेला होता. सासऱ्यांचे हात आता थरथरतात. त्यामुळे नवा सेन्सर मी बसवला. माझ्याकडे शिवणकामाचा भिंगाचा दिवा आहे. ते शेजारी बसून सांगायचे, मी सोल्डर करायचे. "सूनबाई, बटण टाकल्यासारखं कर, घाई नको," असे ते म्हणत. मला ते दिवस आवडले.

या कामात एक गोंधळ झाला, तो नीट लिहावा. मोटरच्या बाहेरच्या रिंगमध्ये चुंबके असतात. ती आतल्या भागाला घट्ट धरून ठेवतात. जोर लावून आम्ही ती रिंग ओढून बाजूला काढली. माझा टाचण्यांचा डबा तिथेच उघडा होता. डब्यातल्या सगळ्या टाचण्या उठल्या आणि आत जाऊन बसल्या. सासरे इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. मग त्यांनी उजेड धरला आणि मी चिमट्याने एकेक टाचणी काढली. "झाल्या का सगळ्या?" असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "झाल्या." टाचण्या मोजून कोण ठेवतो?

त्याच आठवड्यात दादा घरी आले. सासरे नवे बेअरिंग तपासत होते. लिफ्टवाले ते कानाने तपासतात. पेचकसाचे टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि चाक हाताने फिरवायचे. सासरे डोळे मिटून, पेचकस कानाला लावून, चाकाला म्हणत होते, "बोल, बोल ना, काय होतंय तुला?" दादा दारातच उभे राहिले. मला गॅलरीत बोलावून म्हणाले, "बाबा चाकाशी बोलतात. कधीपासून चाललंय हे?" मी म्हणाले, "मी शिलाई मशीनशी रोज बोलते." ते म्हणाले, "चेष्टा नको. उद्या त्यांना काही झालं तर जबाबदार तू." हे ते जरा मोठ्याने बोलले. आत चाक फिरायचे थांबले होते, म्हणजे सासऱ्यांनी ऐकले असणार.

काल सकाळी चाक गाडीला लावून झाले. मी खाली जाऊन बसू लागले तर सासऱ्यांनी किल्ली काढून खिशात घातली. "थांब. आधी मी." त्यांची ही जुनी पद्धत आहे. लिफ्ट दुरुस्त केली की पहिली फेरी त्यांची. मालक येवो नाही तर साहेब येवो, दारात उभे करून ठेवणार आणि आधी स्वतः वर जाऊन खाली येणार. तेही पूर्ण वजन घालून, रिकाम्या लिफ्टचा भरवसा नाही म्हणतात. आता सासरे काडीसारखे आहेत. माझे तसे नाही. म्हणून त्यांनी तळमजल्यावर बांधकाम चालू आहे तिथली वाळू दोन गोण्यांत भरली, लॉन्ड्रीच्या काट्यावर वजन केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सूनबाई अधिक गठ्ठा वजा मी, बरोबर जमलं." तो आकडा लॉन्ड्रीवाल्याला माहीत आहे, त्याच्यापाशीच राहू द्यावा. या जबाबात माझे वजन लिहू नये.

गोण्या मागे बांधून ते निघाले. फोन त्यांनी घरी पत्र्याच्या डब्यात ठेवला, कारण चुंबकाने फोन बिघडतो असे त्यांचे ठाम मत आहे. "पुलापलीकडे जाऊन येतो, जेवायला घरी," असे मला म्हणाले. जेवणाची वेळ टळली. मी पुलापर्यंत चालत गेले, परत आले, आणि दुपारी दादांना फोन केला. दादा आले आणि त्यांनी आमच्या गेटवरच्या वॉचमनला विचारले. तो म्हणाला, "सामान बांधून गेले. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, बघू कुठपर्यंत जाते." मी दादांना सांगितले की सामान नाही, वाळू आहे. दादा म्हणाले, "वाळू घेऊन कोण फिरतं? यालाच तर म्हणतात." मग ते इथे येऊन खबर देऊन गेले.

दादा वाईट माणूस नाहीत, हे मी रागात असले तरी सांगते. संध्याकाळभर ते बसस्टँड आणि दवाखाने पालथे घालत होते. परत आले तेव्हा एका पायात चप्पल आणि एका पायात सँडल होती, आणि ते त्यांना मी सांगेपर्यंत कळले नव्हते.

आठच्या सुमारास गाडीचा आवाज आला. सासरे वर आले. शर्ट काळा झालेला, डावे कोपर सोललेले. जीव भांड्यात पडला. त्यांनी आधी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घे. आता बिनधास्त बस." मग दादांकडे बघून म्हणाले, "रस्ता चुकलो." कोपराचे विचारले तर म्हणाले, "भिंतीला घासलं." दादा खाली बसले. बराच वेळ त्यांनी वडिलांचा हात सोडला नाही. मग मला म्हणाले, "बघितलंस? पूल ओलांडून सरळ रस्ता. या शहरातल्या निम्म्या लिफ्ट बाबांनी लावल्या आणि आता घर सापडत नाही." ज्येष्ठांच्या निवासात जागा मिळते आहे, पोलिसांतली नोंद दाखवली की ते लोक लगेच घेतील, रविवारी नेऊन सोडतो, असे त्यांनी ठरवले. सासरे रस्ता चुकले हे मीसुद्धा खरे मानले, असे लिहावे.

दादा गेल्यावर सासऱ्यांनी आपले पेचकस आणि पाने पुसून एका फडक्यात बांधले. मला म्हणाले, "तिथे लिफ्ट आहे का, एवढं विचारून ठेव." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

आज सकाळी त्यांचा कालचा शर्ट धुवायला घेतला. कॉलर चोळताना बोटाला टोचले. कॉलरच्या आतल्या बाजूला एक टाचणी लावलेली होती. निळ्या काचेच्या डोक्याची, टोक काळवंडलेले, मधे वाकलेली. निळ्या डोक्याच्या टाचण्या घरात फक्त माझ्या डब्यात आहेत आणि सासरे त्यांना हात लावत नाहीत. मी ओला शर्ट तसाच बादलीत टाकून गाडी घेऊन पुलावर गेले.

पुलाचा पलीकडचा उतार संपतो तिथे पंक्चरवाल्याचे दुकान आहे. त्याला विचारले. तो म्हणाला, "ते आजोबा ना? गोण्या उतरवायला मीच हात लावला. उतारावर मागचं चाक एकदम अडकलं, गाडी आडवी झाली. नशीब, मागे ट्रक नव्हता. ढकलत आणली इथवर. इथेच फरशीवर चाक उघडून बसले. हात थरथरत होते, मी म्हटलं मी करतो, तर म्हणाले तू फक्त उजेड धर. घरी फोन करा म्हटलं, तर नंबर पाठ नाही." साहेबांनी मला आत्ता विचारले की घरचा नंबर पाठ नसतो का. मला पतीचा नंबर पाठ नाही. साहेबांना कोणाचा पाठ आहे, ते मी विचारले नाही.

पंक्चरवाला पुढे म्हणाला, "दुपार सरली तेव्हा म्हणाले, सापडली. बघतो तर टाचणी. मी फेकायला हात पुढे केला, तर त्यांनी कॉलरला लावून टाकली. म्हणाले, घरची आहे. मग चाक बसवलं, गोण्या परत बांधल्या, आणि पूल चढले उतरले, चढले उतरले, अंधार पडेपर्यंत. मी म्हटलं आता पुरे. तर म्हणाले, आता तिला देता येईल."

म्हणजे ती टाचणी चुंबकाच्या कडेला चिकटून राहिली होती. घरात चाक मोकळे फिरले तेव्हा तिने त्रास दिला नाही. वजन आले, मोटर तापली, तेव्हा ती सरकून मधे अडकली. ती माझ्या हातून राहिली होती. सासऱ्यांनी किल्ली खिशात घातली नसती तर उतारावर मी असते, मागे गठ्ठा असता, आणि ट्रक असता की नसता हे कोणी सांगावे. टाचणीचे सांगितले तर दादा मला बोलतील, म्हणून त्यांनी रस्ता चुकलो असे सांगितले. सुनेला बोल लागू नये म्हणून हा माणूस रविवारी घर सोडायला निघाला आहे. ज्याचे डोके ठिकाणावर नाही त्याला एवढे सुचत नाही.

मी इथे आले आहे हे सासऱ्यांना माहीत नाही. मी कपडे पोचवायला गेले आहे असे त्यांना वाटते. दादांना मी इथूनच फोन करून सगळे सांगितले आहे. ते एवढेच म्हणाले, "बाबांना कोपराला मलम लावलंस का?" ते निघाले आहेत. ठाण्यात न येता सरळ घरी जातो म्हणाले.

माझे मागणे एवढेच की, 'घर सोडण्याचे कारण' या रकान्यातले चार शब्द खोडावेत. साहेब म्हणतात रकाना रिकामा ठेवता येत नाही, काहीतरी कारण लिहावेच लागेल. तर तिथे लिहावे: सुनेच्या आधी गाडीवर बसून बघण्यासाठी.

पुरावा म्हणून मी टाचणी टेबलावर ठेवली आहे. साहेबांनी ती पाकिटात घालून जमा करायची का असे विचारले. जमा करू नये. घरची आहे.

हे सगळे हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवले. मी जसे सांगितले तसेच उतरले आहे. माझ्या वजनाचा आकडा कुठेही आलेला नाही हे मी दोनदा बघितले. रकान्यात खाडाखोड करून नवे कारण लिहिले, तेही माझ्यासमोर. टाचणी परत मिळाली. म्हणून सही करते.