रॉकच्या मधात बबलू

पोलीस भरतीचं नाव काढलं की मला गोरेगावचा मोबाईलवाला बबलू आठवते, अन् आजही डोकं सणकते. तेव्हा भरतीच्या तयारीसाठी मी रोज सकाळी सोळाशे मीटर धावायचो. त्याला म्हटलं, "धावताना पाय उचलतील असे दणदणीत रॉकचे गाणे मेमरी कार्डात भरून दे."

दुसऱ्या दिवशी मस्त धावून राहिलो होतो. गिटार चढली, ड्रम सुटला, पायात जोर आला, अन् मधातच बबलू कानात ओरडला, "गाना भरवाना है? बबलू के पास आना है!" प्रत्येक गाण्यात तेच. लय तुटे, दम उखडे.

दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. बबलूनं शटर उचललं तसं म्हटलं, "काऊन बे, गाण्यात तुझी जाहिरात कायले टाकली?"

"नाही टाकली तर बाकीचे दुकानवाले माझे गाणे चोरते ना, भाऊ."

"अन् तू कुठून आणले?"

"नेटवरून. फुकट."

कार्ड त्याच्या काउंटरवर आपटलं अन् निघालो.

भरतीच्या मैदानात मोबाईल बंद. शेवटच्या फेरीत पाय जड झाले. म्हटलं, मनातल्या मनातच एखादं गाणं वाजवू.

कशाची गिटार अन् कशाचा ड्रम! तोच नालायक ओरडला, "बबलू के पास आना है!"