निरगाठ

...तर नवस बोलताना शब्द तोलून बोलावेत बायांनो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर, पण ते राहू दे, तुम्ही आधी फत्ता घ्या, रोटी खाली बसलीय, भाताखालून उकरून घ्या, मटण वरच आहे, लाजू नका, नवसाचं आहे. इथेच, सय्यिदा नफीसांच्या दर्ग्यात, याच जाळीला कपाळ टेकून मी बोलले होते, की माई, आमच्या उस्तादांना कोणीतरी आपण होऊन प्रश्न विचारू दे, एवढंच, मी तुझ्या दारात फत्ता वाटीन. आता यात काय चुकलं? ऐका तर खरं.

आमचे उस्ताद, उस्ताद मुतवल्ली, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. तुम्हाला सांगते, या दुनियेत ही परात, हा भात, तुम्ही-आम्ही, सगळं ज्या बारीक बारीक कणांचं बनलंय ना, ते कण म्हणजे आहेत तरी काय, याचा ध्यास घेतलाय त्यांनी. मोठमोठी पुस्तकं म्हणतात, कण म्हणजे ठिपका. लांबी नाही, रुंदी नाही, पोटात काही नाही. उस्ताद म्हणतात, "अगं, ज्याच्या पोटात काहीच नाही त्याला वजन आलं कुठून? ठिपका नाही तो. गाठ आहे, गाठ. पोकळीलाच पीळ पडून बसलेली गाठ." काही कण जन्मले की लगेच नाहीसे होतात, त्या सुरगाठी, ओढलं की सुटल्या. आणि इलेक्ट्रॉन? तो कधी विरत नाही, झिजत नाही. का? निरगाठ आहे ती, आणि तिला टोकंच नाहीत. टोक नाही तर सोडवणार कुठून? आहे की नाही डोकं? मी तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच ओळखलं होतं हा माणूस साधा नव्हे. पण ऐकतंय कोण...

घरभर गाठी. माझी कपडे वाळत घालायची दोरी गेली, आमच्या पोरीच्या, वफाच्या बुटांच्या नाड्या गेल्या, पडद्याचे गोंडेसुद्धा गेले. ते गाठ मारून देणार आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकायला सुई-दोरा घेऊन कोण बसणार? मीच. असं शिवते की सांधा शोधून दाखवा. म्हणजे आमच्या घरच्या इलेक्ट्रॉनला माझा हात लागलाय, हे लक्षात ठेवा.

तर एका विद्वानांच्या मंडळाने बोलावलं त्यांना. कोट इस्त्री केला, गाठींची टोपली सजवली, मीही गेले. बोलले हो, काय बोलले. समोर एकजण मोबाइलमध्ये, एकजण डुलक्या घेतोय, आणि अध्यक्ष मधेच उठून, असे पोटावर हात ठेवून, "अल्लाह आपल्याला दीर्घायुष्य देवो उस्ताद, फार सुंदर, आता चहा घेऊ या." सुंदर म्हणे. सुंदर म्हणाले की समजावं, काही ऐकलेलं नाही. एक प्रश्न नाही, साधी शंका नाही. घरी आल्यावर उस्तादांनी टोपली दाराबाहेर कचऱ्यात नेऊन ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून दिवाणावर पडले. "उठा, जेवा," म्हटलं. "नको. ठिपका तर ठिपका," म्हणाले. इतकी वर्षं लोक हसले, पण ते स्वतः कधी ठिपका म्हणाले नव्हते. तशीच उठले आणि इथे येऊन नवस बोलले.

आणि इकडे काय झालं, आमच्या इद्रिस चौकीदाराने कचरा खाली नेताना एक गाठ जिन्यात पडली. कुठे? बरोब्बर खालच्या मजल्यावरच्या हाज्जा इन्शिराहच्या उंबऱ्यावर. आता तिच्या लेकीचं, समाहचं लग्न ठरून अडलेलं, आणि दारात लाल दोऱ्याची गाठ. गाठ म्हणजे करणी, शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी सकाळी हाज्जा आमच्या दारात, चिमट्यात गाठ धरून, अंगापासून लांब.

"वफाची आई, हे तुमच्या घरचं. इद्रिसने सांगितलंय. करणी केलीत तर केलीत, पण गाठ माझ्याशी आहे, सांगून ठेवते."

"अगं हाज्जा, करणी कसली, तो इलेक्ट्रॉन आहे."

"नाव नको सांगूस त्याचं! मिठाच्या पाण्यात ठेवलं, कुराणातल्या आयता म्हटल्या, सुई घातली, पिन घातली, दातांनी ओढलं. शेख म्हणतात कापायची नाही, सोडवायची, नाहीतर बाधा राहते. मला एवढंच सांग, ही मेली कापल्याशिवाय सुटत का नाही?"

दिवाण करकरला. उस्ताद उठून बसले होते. चष्मा शोधत म्हणाले, "हाज्जा... काय विचारलंत? परत विचारा."

आणि मग बायांनो, ते बोलत राहिले, चहा थंड झाला, दुसरा केला, तोही थंड झाला, आणि हाज्जा चिमटा मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्या समाहचं लग्न या गाठीने नाही अडलं?"

"नाही हाज्जा. ते फ्रिज कोणी घ्यायचा यावरून अडलंय."

हसली हो ती. आणि माझे उस्ताद, त्या दिवशी दोनदा मागून जेवले. मला काय वाटलं असेल? मी प्रोफेसर मागितला होता मनात, माईंनी हाज्जा पाठवली, पण प्रश्न होता तो, नवस पोचला होता.

फ्रिज वरपक्षाने घेतला, समाह नांदायला गेली, घरात हाज्जा एकटी. आता रोज संध्याकाळी वर येते. "उस्ताद, तुमची दोरी चुकली. कण म्हणजे गाठ नाही, कणकेतला बुडबुडा आहे. आणि दोरी पोकळीची म्हणता, तर पीळ घालायला धरली कोणी?" उस्ताद ओरडतात, ती ओरडते, ते गाठ नाचवतात, ती कणकेचा गोळा घेऊन येते. आणि उस्तादांचा चेहरा... लग्नातही इतका खुलला नव्हता. पूर्वी म्हणायचे, ऐकतंय कोण. आता इद्रिससुद्धा ऐकतो, खालून.

तुमच्याही घरात असेल एखादा, ज्याला कोणी काही विचारत नाही. माझं ऐका, हात धुवा आणि आजच जाळीला कपाळ टेकवून असाच नवस बोला. फक्त माईंना नीट सांगा, प्रश्न एकच. मी सांगायचं विसरले.