आधी खांबांच्या मधले

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. दाढ सासूबाईंची दुखत होती आणि फोन सुनेचा वाजत होता.

"कोण गं सारखं?"

"ठेकेदार, आई. मी डिझाईन केलेल्या पुलाचा स्लॅब एका टोकापासून सरळ टाकत जाऊ म्हणतो. काँक्रीटचा पंप पुढेमागे हलवायचा कंटाळा."

"मग टाकू दे की. मीसुद्धा लादी एका टोकापासूनच पुसते."

"लादी वाकत नाही. पुलाचे लोखंडी गर्डर ओल्या काँक्रीटच्या वजनाने मध्ये वाकतात आणि खांबांपाशी वरून ताणले जातात. तिथलं काँक्रीट आधीच घट्ट झालेलं असलं, तर त्याला तडे जातात."

"मग गं?"

"आधी खांबांच्या मधले भाग टाकायचे. गर्डर वाकायचे तेवढे वाकले, की शेवटी खांबांवरचे. नकाशावर तसंच दिलंय मी."

"आणि त्याने नाही ऐकलं तर?"

"मलाच या कामावरून काढायला लावीन म्हणतो. मोठे साहेब त्याच्या ओळखीचे आहेत."

"वाजला बघ परत."

"बोला... नाही, क्रम तोच राहील... साहेबांना जरूर सांगा. फक्त तडे गेले तर जबाबदारी कोणाची, तेवढं त्यांच्याकडून लिहून आणा... बरं. मग हलवा पंप."

"हलवतोय?"

"हलवतोय. चला आई, तुम्हाला आत बोलावलंय."

"तूही चल. डॉक्टर घाई करायला लागला, तर त्यालाही असंच 'नाही' म्हण."