पाच लिटरच्या कॅनवर निघालेला टेम्पो

पुरवणी जबाब

मी, गल्लीत सगळे ज्याला टाकीकाका म्हणतात तो, वय सहासष्ट, धंदा गाड्यांच्या गळक्या इंधनटाक्या डाग देऊन बुजवणे, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत, ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, माझे थोरले बंधू टेम्पोसह हरवल्याची तक्रार काल संध्याकाळी पुतण्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, दिली आहे. तीत एक गोष्ट चुकली आहे. ती आधी दुरुस्त करून घ्यावी, बाकीचे मग विचारावे.

पुतण्याने लिहून दिले की टाकी फुल होती. टाकी पस्तीस लिटरची. रिकामा टेम्पो लिटरला बारा किलोमीटर देतो, म्हणजे दादा चारशे किलोमीटरवर पोचला असेल, असा हिशोब झाला आणि रात्रीपासून हायवेवरच्या लांबलांबच्या नाक्यांना फोन चालले आहेत. हिशोबात खोट नाही. टाकीच टेम्पोला नाही.

टाकी माझ्या कामाच्या बाकावर उताणी पडली आहे. खालून पाझरत होती म्हणून परवा उतरवली आणि डिझेल पिंपात काढून ठेवले. टेम्पो दारातून मागे घ्यायचा तर इंजिनाला काहीतरी पाजायला हवे, म्हणून सीटमागे पाच लिटरचा कॅन बांधून नळी त्यात सोडली. कॅनमध्ये चार लिटर असेल, वर फार तर पेलाभर. मग मी मुलीकडे गेलो. काल दुपारी दादा निघाला तेव्हा मी इथे नव्हतो. आज सकाळी आलो तर टाकी होती, टेम्पो नव्हता.

विचारल्यावरून सांगतो की, दादाचे वय चौऱ्याहत्तर. उभी हयात त्याने बारा हजार लिटरचा पाण्याचा टँकर चालवला. हल्ली त्याला कालचे आठवत नाही, तेव्हाचे सगळे आठवते. परवाच मला म्हणाला, "धाकट्या, टँकर भरायचा राहिलाय रे. लोक बादल्या घेऊन ताटकळले असतील." मी म्हटले, "उद्या भरू." घरात आम्ही सगळेच त्याला असे सांगतो.

पुतण्या इथेच बाकड्यावर आहे. तो मध्येच म्हणाला, "काका, मी स्वतः पंपावर फुल केली होती. उगाच घोळ घालू नका." मी म्हटले, "केलीस ना बाळा. तुझे डिझेल माझ्या पिंपात आहे." त्यावर तो डोके धरून बसला. त्याचा दोष नाही. रात्रभर हायवेवर मोटारसायकल घेऊन फिरलाय. त्याला कोणी चहा द्यावा.

साहेब म्हणाले, "काका, बसून सांगा." मला बसवत नाही.

दादाला हायवे माहीतच नाही, त्याने टँकर सोडल्यावर तो झाला. तो जुन्या रस्त्याने टँकर भरायच्या पंपघराकडे गेला असणार. पंपघर कधीचेच बंद आहे आणि इथून साठ किलोमीटरवर आहे. डिझेल पन्नास किलोमीटरांपुरते. म्हणजे शेवटच्या दहा किलोमीटरांत कुठेतरी गाडी बंद पडली आहे. त्या रस्त्याला आता गुरेसुद्धा फिरकत नाहीत. डिझेलचा काटा मेलेला, त्यामुळे डिझेल संपले हे त्याला कळणारही नाही. तो चावी फिरवत बसला असेल. गाडी सोडून तो जाणार नाही, तो त्याचा स्वभावच नाही. साखरेच्या गोळ्या घरीच राहिल्या आहेत. काल दुपारपासून पोटात काही नसेल.

माझे म्हणणे आहे की लांबचे फोन थांबवावेत आणि जीप जुन्या रस्त्याला काढावी. मला पुढे बसवावे. वर्दी दिसली की दादा घाबरून लायसन शोधत बसेल. मी दिसलो की शिव्या घालेल. शिव्या ऐकू आल्या की समजा, शुद्धीवर आहे.

वरचे सगळे मला वाचून दाखवले. माझ्याच तोंडचे आहे, खरे आहे. सही येते मला, पण ती जीपमध्ये बसून करतो.

(जबाब घेणाऱ्याची नोंद: सही चालत्या गाडीत घेतली, म्हणून वाकडी आहे.)