कपाटातला पलंग

मंजूषा : आई, बाण त्या बाजूला आहे. आपल्याला चुलीकडून बाहेर पडायचंय.

लीलावती : पडू गं. जरा टेकू दे मला या बाकावर.

मंजूषा : बसायचं नाही इथे. म्युझियममधलं दोनशे वर्षांपूर्वीचं सामान आहे, आणि बाहेर लोक थांबलेत. करोनामुळे एका वेळी एकच कुटुंब आत सोडतायत.

लीलावती : शेतकऱ्याचं घर म्हणून दाखवतात आणि आल्यागेल्याला बस म्हणत नाहीत. आमच्या कोरेगावला असं कुणी केलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ते कपाट कसलं? आत गादी घातलीय.

मंजूषा : तो पलंगच आहे. डच लोक बेडस्टे म्हणतात. थंडीत दारं लावून आत झोपायचे.

लीलावती : नवरा-बायको दोघं? एवढ्याशात? इथला माणूस तर ताडमाड असतो.

मंजूषा : पाय पसरून नाही झोपायचे. पाटीवर लिहिलंय, पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपायचे. आडवा पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो म्हणून भ्यायचे म्हणे.

लीलावती : बसूनच बरं पडतं. छातीवर ओझं येत नाही.

मंजूषा : तुम्हाला काय माहीत?

लीलावती : असंच म्हटलं. चल, चूल बघू.

मंजूषा : थांबा. काल पहाटे मी उठले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, हातात माळ घेऊन. परवाही. मी सारंगला म्हटलंसुद्धा, तुझ्या आईने जप वाढवलाय.

लीलावती : वाढवलाच आहे.

मंजूषा : माळ फिरत नव्हती, आई.

लीलावती : आता सून माझ्या जपावर पाळत ठेवणार का?

मंजूषा : मास्क काढा जरा.

लीलावती : अख्खं जग म्हणतंय लावा, आणि तू म्हणतेस काढा.

मंजूषा : या देशात सक्ती नाही, आज इथे कुणीच लावलेला नाही. तुम्ही घरातही लावून बसता. आणि इराला तुमच्या खोलीतून आमच्याकडे झोपायला पाठवलंत, लाथा मारते म्हणून. माझी लेक झोपेत हलतसुद्धा नाही. काढा म्हणते ना.

लीलावती : घे, काढला. झालं समाधान?

मंजूषा : ओठ बघा कसे निळे झालेत. तुमच्या भावंडांची नावं सांगा मला. एका दमात.

लीलावती : हे काय भलतंच?

मंजूषा : सांगा.

लीलावती : वासुदेव, कुमुदिनी, श्रीनिवास... थांब... विनायक.

मंजूषा : चार नावांत दम लागला तुम्हाला.

लीलावती : विनायकचं नाव घेताना लागतोच गं. गेल्या महिन्यात त्यालाही असंच म्हणाले, जरा तपासून येऊ. मुंबईत, आपल्या माणसांत. चालत जाऊन बसला अॅम्ब्युलन्समध्ये. परत आला तो प्लास्टिकात. वहिनीला तोंड बघू दिलं नाही. मला फोनवर कळलं, तुझ्या ओट्याशी कणीक मळत होते मी.

मंजूषा : म्हणून लपवलंत?

लीलावती : भीती वाटते मला. सरळ सांगते तुला. मरायची तेवढी नाही वाटत. पण हॉस्पिटलात एकटीने पडून राहायचं, कुणाशी बोलू मी? त्यांना माझं कळायचं नाही, मला त्यांचं.

मंजूषा : आणि मला नाही का वाटत भीती? घरात इरा आहे. सारंगला दमा आहे, तुमच्याच मुलाला. तरी आज इथे आलात, चार लोकांत.

लीलावती : विमानं बंद पडल्यापासून मी त्या घरातच आहे. त्याने हौसेने सुट्टी काढली, आईला काहीतरी दाखवू म्हणाला. येत नाही म्हटलं असतं तर लगेच डॉक्टरला फोन लावला असता त्याने.

मंजूषा : लावायलाच हवा होता.

लीलावती : इथला डॉक्टर काहीही झालं तरी पॅरासिटामॉल घ्या म्हणतो, तुम्हीच हसता ना त्याला? मग घेतली मी. सकाळ-संध्याकाळ, तुझ्या डब्यातली.

मंजूषा : अहो, म्हणूनच ताप कळला नाही आम्हाला. तुम्ही पण ना, आई. काय करू मी तुमचं?

(मंजूषा फोन लावते आणि स्पीकरवर ठेवते.)

सारंग : झालं पण बघून? इथे कॅफेत इराचे पॅनकेक आत्ता कुठे आलेत.

मंजूषा : सारंग, आईंना श्वास लागतोय. परवापासून. बसून झोपतायत त्या.

सारंग : काय? मला का नाही... बोलतेय का ती?

मंजूषा : बोलतायत. पण मध्येच थांबतात.

सारंग : आई?

लीलावती : बरी आहे रे मी. पोरीला पोटभर खाऊ दे.

सारंग : आई, काय केलंस तू हे.

लीलावती : ओरडू नको, तुलाच धाप लागेल.

सारंग : मी अॅम्ब्युलन्सला, एकशे बाराला फोन करतो. तिला चालवू नकोस, मंजूषा. दार उघडं ठेव, आणि बाहेरच्यांना सांग आत येऊ नका म्हणून. आलोच मी.

लीलावती : तू आत येऊ नकोस हां, सारंग. इराला घेऊन लांब उभा राहा. ऐकलंस का?

मंजूषा : ठेवला त्याने. बसा तुम्ही, टेका नीट. दाराशी ती म्युझियमची बाई आहे, तिला खुणेने सांगितलंय मी. ती लोकांना मागे घेतेय.

लीलावती : तूही लांब सरक.

मंजूषा : आता काय लांब सरकायचं. हात द्या इकडे. केवढा गार पडलाय.

लीलावती : मंजूषा, पाण्याला काय म्हणतात गं यांच्यात?

मंजूषा : वाटर.

लीलावती : वाटर. हे जमेल. आणि श्वास लागतोय?

मंजूषा : इक बेन बेनाउट.

लीलावती : इक बेन... बेनाउट.

मंजूषा : बरोबर. आता बोलू नका.

लीलावती : आणि माझ्या मुलाला बोलवा?

मंजूषा : ते कशाला तुम्ही? मी सांगेन की त्यांना.

लीलावती : तुला तिथे आत येऊ देणार नाहीत ना गं. म्हणून विचारते.