पाहुणी

मुनियम्मा : उगादीला आली होती तुझी भाची. आता दसरा आला, सरोजा.

सरोजा : रमली इथंच, आजी. गावी करमत नाही तिला.

मुनियम्मा : घर भाड्यानं देताना मी माणसं विचारली होती.

सरोजा : तीनच सांगितली. मी, हे आणि थोरली चैत्रा.

मुनियम्मा : थोरली.

सरोजा : म्हणजे… चैत्रा.

मुनियम्मा : हं.

सरोजा : टँकरच्या पाण्याची काळजी नको. एका बादलीत दोघी आंघोळी उरकतात.

मुनियम्मा : पाहुणीला अर्धी बादली? बहीण काय म्हणेल तुझी?

सरोजा : ती काही म्हणत नाही.

मुनियम्मा : पोरीचं नाक तुझंच आहे.

सरोजा : आमच्या घराण्याचं नाक आहे ते.

मुनियम्मा : आणि बाहेर आलेले कान तुझ्या नवऱ्याचे. तेही तुझ्या माहेरचेच?

सरोजा : … चार माणसं म्हटलं की भाडं दीड हजारानं चढतं, आजी. पीण्या भागातल्या कपड्यांच्या कारखान्यातल्या पगारात कसं जमवायचं? दोन वर्षांत तीन घरं झाली. चैत्राच्या शाळाही तीन. यावेळी ठरवलं, धाकटीला पाहुणी करायचं. चार वर्षांची आहे, शिकवू तसं बोलते.

मुनियम्मा : शिकवलंस मात्र चोख. मी चॉकलेट दाखवून विचारलं, अम्मा कुठाय? म्हणाली, गावी आहे, येणार आहे.

सरोजा : दार लावल्यावर अम्मा म्हण, असं सांगितलं होतं.

मुनियम्मा : म्हणते?

सरोजा : मागच्या महिन्यात ताप चढला होता तिला. तापातसुद्धा मावशी, मावशी करत होती. मला आधी वाटलं, बरं झालं, भिंत पातळ आहे. मग माझीच मला लाज वाटली.

मुनियम्मा : भाडं आहे तेवढंच राहू दे. टँकर आला की माझ्या दोन बादल्या वर आणून ठेवायच्या.

सरोजा : आणते, आजी. तुमचे उपकार…

मुनियम्मा : रडायचं ते नंतर रड. पोरीला बोलाव.

सरोजा : भव्या, इकडे ये. आजीला सगळं कळलंय. आता मला मावशी म्हणायचं नाही. सगळ्यांसमोर अम्मा म्हणायचं.

भव्या : आजी घरातून काढणार नाही?

मुनियम्मा : नाही काढणार. म्हण बघू.

भव्या : अम्मा.

सरोजा : शहाणी माझी.

भव्या : मग गावची अम्मा आली की तिला काय म्हणू?